उषाताईंचं ‘नको’चं बटण

ॲड. उषाताई तळपदे यांना मी प्रथम पाहिलं ते एका वरपित्याला गप्प करताना. लालबागच्या आमच्या वधूवर मंडळाचा मी नुकताच चिटणीस झालो होतो आणि ताई गिरगावातून सल्लागार म्हणून यायच्या. मुलीचा नकार आला होता आणि गृहस्थांना कारण हवं होतं. ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून मी मोकळा होणार, तोच ताई म्हणाल्या, “मुलगी नको म्हणाली. कारण तेवढंच.” गृहस्थ तणतणत निघून गेले. ताईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त त्यांच्या विद्वत्तेवर इतर लिहितीलच. त्यांच्याबरोबर काम करणं हा डोक्याला ताप आहे, हे मी लिहितो.

मंडळाची वेबसाइट झाली तेव्हा तर त्यांनी कहर केला. वेबसाइट पाहणाऱ्याच्या संगणकावर कुकी नावाची खूण राहते आणि तिच्या मागावर जाहिराती त्याच्या घरी पोचतात. दादरच्या एका साडीवाल्याला तेच हवं होतं. त्या बदल्यात तो आमच्या मेळाव्याचा खर्च उचलणार होता. ताईंनी नव्या कायद्यावर बोट ठेवलं, आधी पाहणाऱ्याची संमती घ्या. बरं, घेऊ. वेबसाइटवाल्याने ‘मान्य’चं मोठं हिरवं बटण केलं आणि ‘नको’ कुठेतरी आत सारलं. ताईंनी ते परत पाठवलं. दोन्ही बटणं सारखी हवीत आणि शेजारी हवीत.

“अहो ताई, कोण वाचतं ते?” मी म्हणालो.

“सावंत, विधवा, घटस्फोटित मुली घरच्यांना न सांगता आपलं पान बघतात. घरच्या संगणकावर शालूच्या जाहिराती यायला लागल्या तर काय उत्तर देतील त्या?”

“अशा असतील किती?”

“एक असली तरी पुरे.”

साडीवाला गेला. मेळावा शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर भरला आणि लोकांची बोलणी मी खाल्ली. महिनाभर मी ताईंशी भांडत होतो. माझी पत्नी तेव्हा परळच्या हॉस्पिटलात होती. भांडण चालू असताना तिचा डबा मात्र ताईंकडून रोज येत होता, म्हणजे धड भांडताही येईना.

पुढे माझ्या विधवा लेकीने पुन्हा लग्न करतेय म्हणून सांगितलं तेव्हा सगळं कळलं. आमच्याच घरच्या संगणकावर ती पुनर्विवाहाचं पान बघत होती. मनाशी पक्कं होईपर्यंत आम्हाला कळू नये, एवढंच तिने ताईंना विनवलं होतं. म्हणजे मी तावातावाने बोलत होतो तेव्हा ताईंना हे ठाऊक होतं. ‘आधी तुमच्या घरात बघा’ म्हणाल्या असत्या तर वाद तिथेच मिटला असता. त्या म्हणाल्या नाहीत. महिनाभर माझं वेडंवाकडं ऐकून घेतलं त्यांनी. अशा माणसावर रागावायचं तरी कसं?

हे छापायला लेकीची परवानगी घेतली आहे. ताईंना विचारलेलं नाही, त्या नकोच म्हणाल्या असत्या.

ताई, लेक माहेरपणाला येते ती आधी गिरगावात तुमच्याकडे, मग करी रोडला आमच्याकडे. मला याचाही राग येतो. पण तिचा हा रस्ता बंद पडू नये, म्हणून तरी शंभरी ओलांडा आणि ठणठणीत राहा.