म्हसवाल्या सयाजीचा तांडेल

"आगं, सुटली न्हाय ती. लोंबकळल्या!"

"लोंबकळल्या म्हंजे?"

"म्हंजे वर धक्क्याला दोऱ्या आन खाली बोट. पाणी गेलं की निघून!"

"पाणी कुटं गेलं?"

"समुद्रात गेलं, आन कुटं जाणार! आता ठेव फोन. हितं समदी माझ्याकडं बगालीत."

देवगडच्या खाडीतल्या धक्क्यावर उभा राहून सयाजी बायकोशी बोलत होता. आवाज असा, की मोबाईल नसता तरी कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीला घरी ऐकू गेलं असतं. पलीकडून क्रांतीवैनी म्हणाल्या, "बोट लोंबकळाय ती काय वाळत घातल्यालं धुणं हाय व्हय?" आणि फोन त्यांनीच ठेवला.

सयाजी आमच्या गावचा म्हसवाला. वय बावन्न. गोठ्यात चौदा म्हशी. रोज संध्याकाळी त्यातल्या दोन टेम्पोत घालून कोल्हापूरच्या कट्ट्यावर न्यायच्या आणि गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत गिलासात धार काढून द्यायची. वर बोटभर फेस. पैलवान, रिक्षावाले, कोर्टातले वकील, सगळे रांगेत. बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं. असल्या माणसानं शिडाची बोट घेतली म्हटल्यावर गाव हसणारच, आणि गाव पोटभर हसलं.

पण त्याचं बोटीचं वेड काही आकाशातनं पडलेलं नव्हतं. एकोणीसच्या महापुरात चिखलीला बहिणीची म्हसरं अडकली होती. सयाजी आणि त्याचा दोस्त जोतीराम एका लाकडी होडीतनं दोन दिवस जा-ये करत होते. जोतीराम वल्हं मारायचा, सयाजी म्हशीच्या शिंगांना दोर लावून तिला होडीमागनं पोहवत आणायचा. अकरा म्हशी काढल्या. बाकीचे घरी येऊन आठ दिवस अंग दुखतंय म्हणून झोपले. सयाजी मात्र म्हणाला, "मर्दा, पाण्यावर बसल्यालं काय झकास वाटतंय रं." तेव्हापासनं कट्ट्यावर गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर बोटीच पाहायचा. गोरी माणसं नवराबायको मिळून बोटीत स्वयंपाक करतात, झोपतात, या देशातनं त्या देशात जातात. तो ते म्हशीलाही दाखवायचा म्हणे.

पुढं विमानतळासाठी त्याच्या रानाचा एक तुकडा गेला, पैसे आले, आणि त्या दिवाळीला त्यानं पुण्याच्या एका डॉक्टरांची, देवगडच्या खाडीत ठेवलेली जुनी बोट घेतली. डॉक्टरांचे गुडघे गेले होते. सव्वीस फूट, पांढरी, उंच डोलकाठी, बारकं इंजिन, आत दोन माणसं झोपतील एवढी खोली आणि एक शेगडी. सयाजीनं ती म्हशीसारखीच पारखली. चारी बाजूंनी फिरला, पोटाला बोटाच्या पेरानं टकटक करून आवाज ऐकला, खोलीत डोकं घालून वास घेतला आणि डॉक्टरांना तोंडावर विचारलं, "इकताय कशापायी ते खरं सांगा."

क्रांतीवैनींनी बोट घेऊ दिली, पण अट घातली. जाणता माणूस संगं असल्याबिगर बोट खाडीच्या बाहेर न्यायची नाही. आणि शिमग्यापातुर तसला माणूस मिळाला नाही, तर बोट विकायची. सयाजीनं थोरल्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून कबूल केलं. त्याला वाटलं, समुद्रकाठी असली माणसं काय, पैशाला पासरी असतील.

आणि संक्रांतीनंतर पहिल्याच फेरीला हा घोटाळा. तो आणि जोतीराम राधानगरीवरनं फोंडा घाट उतरून देवगडला गेले. बोट धक्क्याला लावली तेव्हा भरती पुरी भरलेली. नवीन म्हस दावणीला आणली की पहिले दोन दिवस तिला आखूड दाव्यानं बांधतात, नाहीतर ती घर शोधत फिरते. सयाजीनं बोटीला तसंच बांधलं. पुढं एक, मागं एक, दोन्ही दोऱ्या हातभर आणि जोतीरामनं पाय लावून आवळलेल्या. पंचगंगेच्या पाण्याला रोज दोनदा वर-खाली व्हायची सवय नाही, त्यामुळं दोघांच्याही डोक्यात ते आलं नाही. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि दोघं बांगडा खायला गेले. चांगले चार तास लागले, कारण जेवल्यावर झोपही काढली.

परत येऊन बघतात तर पाणी पुरुषभर खाली गेलेलं आणि बोट दोन दोऱ्यांवर टांगलेली. एका अंगावर कलंडून धक्क्याच्या दगडाला घासत होती. आतली भांडी खडखड वाजत होती. दोऱ्या अशा ताणलेल्या की टिचकी मारली तर वाजतील.

जाळ्याच्या शेडमधनं एक म्हातारा सावकाश उठला. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, कमरेला लुंगी, हातात सुरी.

"खंयचो तू?"

"कोल्लापूरचा."

"काय करतंस थंय?"

"म्हशी हाईत."

"मगे बरोबर," म्हातारा म्हणाला. "पण ही म्हस न्हय. बाजूक हो. दोरी सोडूक येवची नाय आता, कापूचीच लागतली."

"चाचा, नवी दोरी हाय!"

"बोट जुनी आसा. बोल, काय राखूया?"

जोतीराम मागनं म्हणाला, "काप चाचा. ह्याचं काय ऐकू नगंस."

म्हाताऱ्यानं आधी बोटीला दुसरा लांब दोर लावला, मग एक दोरी कापली, मग दुसरी. बोट धप्पकन पाण्यात बसली, दोनदा डोलली आणि जागेवर आली. धक्क्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा स्वतःच तिच्यात चढला, मधे नेऊन नांगर टाकला आणि मागं बांधून नेलेल्या डिंगीतनं, म्हणजे बारक्या होडीतनं परत आला. सयाजी त्याच्या हाताकडं बघत होता. सगळ्या कामात एकही हालचाल वाया गेली नव्हती.

म्हाताऱ्याचं नाव शमशुद्दीन. चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचा कारभारी. गुजरातपासनं मंगळूरपर्यंत किनारा त्याच्या पायाखालचा, तोही इंजिनं येण्याआधीपासनं, शिडावर. आता जाळी विणत बसायचा. सयाजीनं तिथंच विचारलं, "चाचा, माझ्यासंगट येतासा?"

"नाय."

"का ओ?"

"तुझ्यावांगडा मरूक? घरात खाट आसा माका त्यासाठी."

जोतीराम गाडीत बसेपर्यंत हसत होता. घाट चढताना त्यानं स्वतःचंही सांगून टाकलं. "मी बी येत न्हाय भावा. महापूर येगळा. तितं झाडाचा शेंडा तरी दिसत हुता."

मग सयाजीनं तीन आठवडे माणूस शोधला. गोठ्यातलं काम उरकून पहाटे निघायचा, संध्याकाळच्या धारेला परत. तरणी पोरं मोठ्या ट्रॉलरवर कामाला. शिडाची बोट म्हटल्यावर हसायची. एकजण काळा चष्मा घालून आला, स्वतःला कॅप्टन म्हणवून घेत होता आणि बोटीत पाय ठेवायच्या आधी फ्रीज कुठं बसवायचा ते सांगत होता. सयाजीनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. "जनावराकडं न बगता दावणीकडंच बगणारा दलाल हुता त्यो," तो घरी म्हणाला. क्रांतीवैनी म्हणाल्या, "शिमगा म्हैन्यावर आलाय. मी तुमास्नी आठवण करून देतो म्हणून राग धरू नगा."

राग त्यानं धरला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं कधी केलं नव्हतं ते केलं. संध्याकाळची धार बायकोवर टाकून देवगड गाठलं.

आमच्याकडं म्हस घेताना शहाणा माणूस विकणाऱ्याच्या गोठ्यात तीन धारा बसतो. सकाळ, संध्याकाळ, परत सकाळ. पहिल्या धारेला विकणारा फसवू शकतो, तिसरीला म्हस खरं काय ते सांगते. सयाजीनं ठरवलं, बोटीजवळ तीन भरत्या बसायचं. कुणाला दाखवायला नाही. चाचा नाही म्हणाला ते त्याला पटलं होतं. ज्या जनावराची धार आपल्याला कळत नाही ते घेऊन दुसऱ्याला पाठीमागं बसवायचं, हे त्याला बरं वाटेना.

त्यानं बोट परत धक्क्याला आणली, दोऱ्या हातात घेतल्या आणि पायरीवर बसला. पाणी उतरलं की दोरी सोडायची, चढलं की ओढायची. दर तासाला तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन वरच्या कोरड्या दगडावर, पाणी कितव्या पायरीला आहे त्याची रेघ मारायची. घरनं आणलेली भाकरी आणि ठेचा तिथंच खाल्ला. रात्री मच्छर कसले होते ते विचारू नका. सकाळी क्रांतीवैनींचा फोन आला, "मनगाटं गेली माझी. धारंला बसल्यावर चंद्रीनं लाथ मारली. कट्ट्यावरनं दहा फोन आलं." सयाजी म्हणाला, "आगं, पाणी बी पान्ह्यासारखंच हाय बग. आधी बारीक, मधी दणकून, शेवटाला परत बारीक." वैनींनी उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शमशुद्दीन चाचा शेडमधनं हे सगळं बघत होता. आदल्या दिवशी त्यानं पोरांना सांगितलं होतं, म्हसवाला सांज व्हायच्या आत पळतो बघा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरी भरती पुरी झाली तेव्हा तो येऊन पायरीवर बसला. चुन्याच्या रेघा त्यानं वरपासनं खालपर्यंत वाचल्या.

"उद्या पाणी कितीक वाजता भरतला?"

"काल बाराला भरलं, आज एकाला धा कमी. उद्या पावणेदोनच्या आत," सयाजी म्हणाला.

"कोणी सांगल्यान?"

"कोण सांगतंय? बसलोय की हितं कालधरनं."

चाचानं धक्क्यावरनं वाकून बोटीच्या पोटावर हात फिरवला. मग म्हणाला, "बोट बरी घेतलंस. पोट चांगला आसा तिचा." आणि उठता उठता, "मी येतंय. बोटीर न्हय. कोल्हापुराक येतंय. तुझी म्हसरां बघूक."

"म्हशी? त्या कशाला, चाचा?"

"चार दिवस दर्यात एका माणसावांगडा ऱ्हवूचा, तर तो घराकडे कसो वागता ता बघूक नको?"

पुढच्या जुम्म्याची नमाज झाली आणि चाचा एसटीनं कोल्हापुरात उतरला. तिथनं सरळ कट्ट्यावर. क्रांतीवैनीही त्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. रांग लागलेली. आणि नेमकं त्याच वेळी कुणाच्यातरी बुलेटचा धडाका झाला, चंद्री बिथरली आणि तिनं पान्हा चोरला. सयाजीनं काही ओढाओढ केली नाही. रेडकू परत लावलं, तिच्या मानेवरनं हात फिरवत उभा राहिला.

रांगेतला एक पैलवान ओरडला, "मामा, आटपा की! तालमीत जायचंय."

"तिला सांग की मर्दा. मला काय सांगतोस?"

"दुसऱ्या कट्ट्यावर जाऊ का?"

"जा की. तितली बी म्हस पान्हा चोरत नसंल तर जा."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. दोन गिऱ्हाइकं निघून गेली. सयाजी तसाच उभा. मग चंद्रीनं कान सैल सोडले आणि तो खाली बसला. पहिला गिलास पैलवानाला, दुसरा चाचाला. चाचानं तो एका दमात संपवला, दाढीला लागलेला फेस पुसला आणि आणखी एक मागितला.

क्रांतीवैनी पुढं सरकल्या. "चाचा, एक सांगतो. ह्यास्नी पवाय येतंय. पर ऐकाय येत न्हाय."

"ऐकतलो. नाय ऐकल्यान तर पयल्या बंदरार उतरवतलंय, आणि एसटीचे पैशे तूच पाठव त्याका."

"पाठवतो की. पर तुमी खरंच जाणार?"

"ह्या माणसाक घाई नाय," चाचा म्हणाला. "घाई करणारे लय बघितलंय मी. त्येंच्यापैकी थोडेच म्हातारे झाले."

सयाजी म्हशीखालनंच ओरडला, "मग गोव्याला जायचं न्हवं चाचा? तितनं लक्षद्वीप..."

"गप!" चाचा म्हणाला. "पयल्या वर्षी विजयदुर्ग. सकाळी जावचा, दुपारचो वारो सुटायच्या आत परत येवचा. पावसाच्या आधी बोट वर काढूची. आणि बोटीर बोंबलूचा एकटो मीच."

कट्ट्यावरची सगळी माणसं हसली. सयाजीला बारक्या आवाजात बोलायला सांगणारा माणूस कोल्हापुरात आजवर झाला नव्हता. लक्षद्वीपचं त्याला क्षणभर वाईट वाटलं, ते तोंडावर दिसलं. पण मग त्यानं वैनींकडं बघितलं. वैनींनी मान हलवली, चाचाच्या हातातला रिकामा गिलास घेतला आणि म्हणाल्या, "शिमग्याच्या आदी एक फेरी मारून या. मी बी येतो धक्क्यापातुर. दोऱ्या कशा बांधतासा ते बगायचंय मला."

"बगा की," सयाजी म्हणाला. बारक्या आवाजात म्हणायचा प्रयत्न केला, पण जमला नाही.

रांग परत वाढली होती. मागनं कुणीतरी गिलास आपटून वाजवत होतं. सयाजी उठला, बादलीत हात धुतले, ओले हात विजारीला पुसले, दुसऱ्या म्हशीचं रेडकू सोडून तिला लावलं आणि तिच्याखाली बसला.

"हं, कुणाचा नंबर? गिलास द्या हिकडं."