मागच्या दिव्याच्या भरवशावर

तीन हिवाळे आम्ही चौघं दर रविवारी एकत्र गाडी चालवत होतो आणि कोण काय काम करतं हे एकमेकांना माहीत नव्हतं. आता हे सांगताना मलाच खरं वाटत नाही.

आमची ओळख डहाणू रोडच्या एका गॅरेजबाहेरच्या बाकावर झाली. चौघांच्या गाड्या एकाच दिवशी खोललेल्या होत्या. कुणाचा क्लच घसरत होता, कुणाची चेन सैल झाली होती. बाकावर बसून बोलता बोलता ठरलं, की रविवारी सकाळी साडेसहाला स्टेशनच्या पूर्वेला चहाच्या टपरीवर भेटायचं आणि तलासरीकडे चक्कर मारून यायची. टपरीवाली बाई घरी गुजराती बोलणारी होती. आम्हाला बघून ती दरवेळी म्हणायची, "आव्या चारे?" आणि आम्ही मराठीत "आलो चौघं" म्हणायचो. मी त्या चौघांत एकटीच बाई. पन्नाशी ओलांडलेली. टपरीवालीला त्याचं काही वाटत नसे.

गाड्यांबद्दल आम्हाला सगळं ठाऊक होतं. कोण चढावर गिअर उशिरा बदलतो, कोण मागचा ब्रेक नुसता दाबून ठेवतो. पण सोमवार ते शनिवार माणूस कुठं असतो, हे कुणी विचारत नसे. मला ते बरं वाटायचं. आठवडाभर माझ्याकडे येणारा प्रत्येक जण काहीतरी दुखतंय म्हणूनच यायचा. रविवारी मला कुणी काही विचारत नव्हतं.

पुढे असायचे काका. साठीच्या पुढचे, समुद्राकाठच्या वस्तीतले, हेल्मेटच्या खाली नेहमी कानटोपी. त्यांच्या मागे दादा, गंजाडच्या बाजूच्या एका पाड्यावरचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. मग मी. आणि सगळ्यांत शेवटी भाऊ, चिंचणीचा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. त्याची गाडी सगळ्यांत चांगली ठेवलेली, टाकीत तोंड दिसावं अशी. शेवटी राहायला त्याला आवडतं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

त्या जानेवारीतल्या रविवारी कैनाड सोडलं आणि धुकं उतरलं. आमच्याकडे धुकं म्हणजे एरवी भाताच्या रिकाम्या शेतांवर एक पातळ चादर असते, ऊन आलं की निघून जाते. त्या दिवशी ते रस्त्यावर येऊन बसलं होतं. ताडाची झाडं अर्धीच दिसत होती, खालची खोडं कुणी पुसून टाकल्यासारखी. पुढच्या गाडीचा आवाज कधी डावीकडून यायचा, कधी वरून. आपण रस्त्यावरून चाललोय की रस्ता आपल्याखालून सरकतोय, हे कळत नव्हतं. भीती वाटायला हवी होती. पण मला झोपेत चालल्यासारखं छान वाटत होतं.

काकांनी हात वर केला तेव्हा समोर एसटीची शेड होती. आम्ही गाड्या लावल्या आणि आत सिमेंटच्या बाकावर बसलो. "ऊन येईपर्यंत बसू," काका म्हणाले. "डोळ्यांपुढे काही दिसत नसताना पुढे जायचं नाही. हे समुद्रावर शिकलो."

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. फोनमधला आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "ऑपरेटरसाहेब, उद्या सकाळी पुलाचा गर्डर चढवायचाय." दादानं "येतो" म्हणून फोन ठेवला. आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो.

"तू कसला ऑपरेटर रे?" काकांनी विचारलं.

"क्रेनचा."

"तीन वर्षं सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही," दादा म्हणाला. त्यात राग नव्हता. मग तो आपणहून बोलायला लागला. धुक्यात माणसाचा चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणून असेल कदाचित.

लहानपणी आईबापांबरोबर तो वीटभट्टीवर जायचा, दिवाळीनंतर गेलेलं घर पावसाच्या तोंडावर परत यायचं. जरा मोठा झाल्यावर डहाणूतल्या फुग्यांच्या कारखान्यात लागला. रबराच्या रंगीत दुधात साचे बुडवायचे आणि वर काढायचे. ज्या रंगाचे फुगे, त्या रंगाचे हात. घरी गेल्यावर बायको हात बघून सांगायची, आज पिवळे झाले. मग ट्रेलरवर क्लीनर. मग क्रेनखाली उभं राहून हातानं इशारे करायचं काम, वर घे, थांब, डावीकडे. सात वर्षं खालून इशारे केल्यावर एक दिवस ऑपरेटर आला नाही, आणि साहेबांनी याला वर चढवलं.

"वर गेलो आणि समुद्र दिसला," दादा म्हणाला. "तेवढ्या लांबून. पाड्यावरनं कधी दिसला नव्हता. मी गर्डर विसरून बघतच बसलो. खालून माणूस शिट्टी मारतोय, मला ऐकू नाही."

काका हसले. "आणि मी आयुष्यभर त्यावरच होतो, तर मला डोंगर बघायचे होते."

काका चौदाव्या वर्षी बोटीवर गेले, भात शिजवायला. मग जाळं ओढलं, मग इंजिन सांभाळलं, मग तांडेल झाले, म्हणजे बोट त्यांच्या शब्दावर चालायला लागली. गुडघे गेले तशी बोट धाकट्या भावाकडे दिली. आता बर्फाच्या कारखान्यात लाद्या मोजून गाड्यांत भरून देतात. घरात अजून बोंबील वाळतात, ते काकूंचं खातं.

"मग मोटारसायकल कशाला?" मी विचारलं.

"समुद्रात वळण नसतं, ताई," काका म्हणाले. "जायचं तिकडे तोंड करायचं आणि जायचं. पहिल्यांदा मेव्हण्याची गाडी घेऊन डोंगराच्या रस्त्याला गेलो. वळण आलं, गाडी आपोआप कलली. ते इतकं आवडलं, की मी परत फिरून तेच वळण पुन्हा घेतलं. चार वेळा घेतलं. रस्त्यावरची माणसं बघायला लागली."

मग माझी पाळी आली. मी आरोग्यसेविका. उपकेंद्रात सव्वीस वर्षं. सुरुवातीला चालत जायचे, लसींचा थंड डबा खांद्याला. खांद्याला वळ पडायचा. मग यजमान म्हणाले, माझी मोटारसायकल घे. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी त्यांनी मला शिकवलं. ओली वाळू घट्ट असते, आणि पडलं तर लागत नाही. मी साडीवर शिकले. पाणी इतकं लांब गेलेलं असायचं, की सरळ चालवत राहिले तर कुठं तरी दुसऱ्याच देशात पोचेन असं वाटायचं. यजमान मागून पळत यायचे आणि ओरडायचे, क्लच, क्लच. मग त्यांचा आवाज मागे पडायचा.

आता ते नाहीत, हे मी सांगितलं नाही. पण काकांना कळलं असावं. त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"एकदा," मी म्हणाले, "पाड्यावरची एक पोटुशी बाई मागे बसवून आणत होते. रुग्णवाहिका पुलापलीकडे अडकली होती. सकाळचे नऊ वाजले असतील. ती मागून शांतपणे म्हणाली, सिस्टर, थांबवा. मी थांबवली. आंब्याच्या झाडाखाली मुलगी झाली. गाडीचं इंजिन मी बंद करायचंच विसरले होते. ती मुलगी अगोदर रडली नाही. मी पाठ चोळत होते, पाय चोळत होते, आणि गाडी तिथं आपली फटफट करत उभी. मग ती रडली. तेव्हा मी गाडी बंद केली."

धुक्यातून बैलांच्या गळ्यातल्या घंटा जवळ आल्या आणि लांब गेल्या. बैल दिसलेच नाहीत.

"भाऊ, तू?" दादानं विचारलं.

भाऊ बाकाच्या टोकाला बसला होता. त्यानं खिशातून रुमाल काढला, त्यात गुंडाळलेला बोटाच्या पेराएवढा पोलादाचा तुकडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी डोळ्यांजवळ नेला. त्यात एक पान खोदलेलं होतं. पानाच्या शिरा होत्या, कडेला दवाचा थेंब असावा तसा ठिपका होता.

"डाय," तो म्हणाला. "सोन्याचा पत्रा यावर दाबला की पान उठतं. पोलादात सगळं उलटं कोरायचं, सोन्यात ते सुलटं येतं. वडील हेच करायचे. सोळाव्या वर्षी त्यांच्या शेजारी बसलो, तो अजून बसलोय. डोळ्याला भिंग, हातात छिन्नी. एका पानाला दोन दिवस."

"दागिना झालेला बघायला मिळतो?" काकांनी विचारलं.

"नाही. डाय जातो, दागिना तिकडे होतो. एकदाच बघितलं. तलासरीला एका लग्नात नवरीच्या गळ्यात माझी पानं होती. मी जेवायच्या रांगेत होतो. कुणाला सांगणार? पण जेवण गेलं नाही."

त्यानं माझ्या हातातला तुकडा घेऊन परत रुमालात गुंडाळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तुमचं खातं आहे म्हणून सांगतो. मला आता भिंगातून दिसतं तेवढंच दिसतं. समोरचं. बाजूचं नाही."

"कधीपासून?"

"वर्ष होईल. म्हणून मागे राहतो. तुमच्या गाडीचा मागचा लाल दिवा धरून येतो. तुम्ही वळला की मी वळतो. आज धुक्यात तुम्हा सगळ्यांना तसंच दिसत होतं ना? मला रोज असं दिसतं."

सव्वीस वर्षं मी घरोघरी जाऊन लोकांना विचारत आले, खोकला आहे का, ताप आहे का, आणि पाठीमागे वर्षभर एक माणूस माझ्या दिव्याच्या भरवशावर येत होता. मी एकदाही वळून नीट बघितलं नव्हतं.

मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. "माझ्या नाकाकडे बघ. नजर हलवू नकोस. बोट दिसलं की सांग." मी हात लांब पसरला आणि बोट हळूहळू आत आणत गेले. बोट त्याच्या कानाशी आलं, डोळ्याच्या कडेशी आलं. तो गप्प. बोट जवळजवळ माझ्या गालापाशी आलं तेव्हा तो म्हणाला, "हां, आता."

दुसऱ्या बाजूनंही तसंच झालं.

"बारीक काम केलं त्याची शिक्षा," भाऊ म्हणाला. "वडिलांचं पण असंच झालं होतं."

"बारीक कामानं असं होत नाही," मी म्हणाले. "वडिलांना होतं म्हणून तुला झालं असेल. काचबिंदू वाटतोय. डॉक्टर बघून सांगतील. गेलेलं येत नाही, पण औषधानं राहिलेलं टिकतं. वर्ष घालवलंस, आता आठवडा घालवायचा नाही."

"सांगितलं असतं तर गाडी सुटली असती."

दादा उठला, भाऊजवळ गेला आणि हात पुढे केला. भाऊनं खिसा चाचपला. मग किल्ली त्याच्या हातावर ठेवली. दादाची गाडी त्या शेडजवळच्या एका घरी ठेवली. दादानं भाऊची गाडी चालवली आणि भाऊ माझ्या मागे बसला. तोवर ऊन आलं होतं. सगळं एकदम इतकं स्पष्ट दिसायला लागलं, की मला परत धुकं हवंसं वाटलं.

मंगळवारी मी रजा टाकून त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदूच निघाला. थेंब सुरू झाले, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. डॉक्टरांनी सांगितलं, मधली नजर चांगली आहे, काम करू शकता, वाहन मात्र नाही. बाहेर आल्यावर भाऊ पायरीवर बसला.

"गंमत बघा," तो म्हणाला. "वडिलांनी बसवलं म्हणून जे काम केलं ते राहिलं. स्वतःहून धरलं ते एकच होतं."

मी त्याच्या शेजारी बसून राहिले.

दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी आम्ही तिघंच टपरीवर होतो आणि तो रिक्षातून उतरला, हेल्मेट हातात घेऊन. "मागे बसून चालेल का, एवढंच विचारायला आलो," तो म्हणाला. काका म्हणाले, "बोटीवर दहा जण असतात, सुकाणू एकाच्याच हातात असतं. बाकीचे काय बोटीचे नसतात?" टपरीवालीनं न विचारता चौथा चहा ओतला.

तेव्हापासून तो कधी दादाच्या मागे असतो, कधी माझ्या. मागे बसून तो डोळे मिटून घेतो. पहिल्यांदा मला वाटलं झोपला. पण तो बोलत असतो, हळू, कानाशी. "चिकूच्या वाड्या लागल्या." "इथं भात झोडलाय." "वीटभट्टी आली." वासावरून सांगतो, वाऱ्याच्या गारव्यावरून सांगतो. मी त्या रस्त्यानं इतकी वर्षं गेले, पण मोहोराचा वास कुठल्या वळणावर सुरू होतो ते मला त्यानं सांगितलं.

आणि आम्ही आता कामाबद्दल बोलतो. दादानं एकदा क्रेनच्या केबिनमधून काढलेला फोटो आणला, त्यात समुद्र म्हणजे नखाएवढी एक चकाकी होती. काकांनी तो बराच वेळ बघितला आणि आपली बोट कुठं असेल ते बोटानं दाखवलं. मी यंदा निवृत्त होणार. भाऊ परत यायला लागल्यापासून दर रविवारी थेंब घातले का, हे मी विचारतेच. तो वैतागतो, पण सांगतो.

गेल्या महिन्यात त्यानं त्याची गाडी बाहेर काढायला लावली. "विकायची नाही. तुम्ही चालवा, मी मागे बसतो. उभी राहून खराब होतेय." ती जड गाडी. मला सवय नव्हती. तलासरीच्या अलीकडे रस्ता चढायला लागतो तिथं सकाळचं कोवळं ऊन गवतावर पडलं होतं, वाऱ्यानं ते सगळं एकदम एका बाजूला कलत होतं. मी वेगात होते. इंजिनचा आवाज इतका सुरेल होता, की मला आणखी कुठं तरी, न बघितलेल्या गावाला जावंसं वाटलं.

"चढ आला ना?" मागून भाऊनं विचारलं.

"आला."

"मग ओढताय कशाला तिला? तिसऱ्या गिअरवर घ्या."

मी तिसऱ्यावर घेतली.