स्वतःची मुलगी सोडून

आमच्या क्लबात मुलींना जे व्हॉलीबॉल शिकवतात त्यांना सगळे मास्तर म्हणतात. चेंडू उचलायला कुणीही शिकवेल, चुकल्यावर उभं कसं राहायचं ते मी शिकवतो, असं त्यांचं म्हणणं. गुण गेला की जमिनीकडे बघायचं नाही, खांदे पाडायचे नाहीत. आधी एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं, मग बाकावरच्या मास्तरांकडे. ते नुसती मान हलवतात. तेवढ्यावर रडकुंडीला आलेली पोर ताठ होते. गुणफलकाशी बसून मी हे कितीदा तरी पाहिलंय.

फक्त एका मुलीकडे ते बघत नसत. ती त्यांचीच मुलगी. लोक म्हणतील, आपला तो बाब्या, ही धास्ती. तीही मैदानावर त्यांना मास्तरच म्हणायची आणि चुकली की मुकाट्यानं बुटांकडे बघायची. मी एकदा सुनावलं, की अहो, नुसतं बघितल्यानं कुणाचं काय जातंय? त्यांनी विषय बदलला. असा राग आला मला!

तिची आई होती तोवर खपून गेलं. मैदानावरचं उणं ती घरी भरून काढायची. ती गेली आणि दोन खोल्यांत दोघंच उरली. मी कधी डोकावलो तर बापलेक टीव्हीकडे तोंड करून शेजारीशेजारी जेवत असत. भात वाढू का, हेसुद्धा टीव्हीकडे बघून विचारायचं. मला तिथं फार वेळ बसवत नसे.

मग मोठ्या प्रशिक्षण केंद्राची निवड चाचणी आली. निवड झाली तर पोरगी वसतिगृहात जाणार, मास्तर एकटे पडणार. तरी तिची निवड व्हावी म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. त्या दिवशी ते कुणाचे मास्तर नव्हते, बाप म्हणून माझ्याशेजारी प्रेक्षकांत बसले होते. म्हणूनच असेल, तिचा चेंडू जाळ्यात गेला तेव्हा तिनं मान वर करून थेट त्यांच्याकडे पाहिलं. आणि हे सवयीनं गुणफलकाकडे वळले. मी कोपरानं ढोसलं. ते वळले तोवर तिची मान खाली गेली होती. पुन्हा ती वर आली नाही.

चाचणी संपल्यावर केंद्राच्या प्रशिक्षक बाई आमच्याजवळ आल्या.

"खेळ चांगला आहे, घेतोय आम्ही तिला. पण चुकली की कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. ही खोड आधी मोडावी लागेल. शिकवलंय कुणी हिला?"

"मी," मास्तर म्हणाले.

बाई ओशाळून निघून गेल्या. पोरगी पिशवी घेऊन बाहेर आली. मास्तर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि तिच्याकडे बघतच राहिले. ती अवघडली. बुटाची नाडी बांधायला म्हणून खाली वाकली आणि खालूनच म्हणाली,

"बाबा, असं बघू नका ना. सवय नाही मला."