आठ बटनांची पेटी

परळीच्या शिवकन्येला नटायचा आळस, पण हातात सोल्डरिंगची कांडी द्या, बया जेवण विसरती! आयटीआय शिकलेली. नवऱ्याच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसून तिनं स्वतःच्या हातानं सिक्वेन्सर केला. म्हंजे पेटीवर ओळीनं आठ बटनं, प्रत्येकाच्या डोक्यावर बारका लाल दिवा. दिवा पहिल्यापासून आठव्यापर्यंत पळतो अन् परत पहिल्यावर. ज्या बटनावर दिवा, त्याचा सूर वाजतो. बटन पिळलं की सूर वर-खाली. पण आवाज निघतो शेजारच्या दुसऱ्या पेटीतून, अन् दोन्हींच्या मधी वायरींचं हे जंजाळ.

थोरला दीर धर्मराज त्याला डबडं म्हणायचा. बँजो पार्टीचा मालक तो. मिशीला पीळ, हातात माइक, अन् भावजयीचा राग कायम नाकावर. ऐन लग्नसराईत पार्टीचा कीबोर्ड जळाला, तवा कुठं त्यानं दात खात तिला टेम्पोवर चढू दिलं.

"सूर चुकला की डबडं भंगारात अन् तू चुलीपाशी. परत गाडीला हात लावायचा न्हाई."

"अन् न्हाई चुकला तर, भावजी?"

"तोंड लई चालतंय तुझं."

शिवकन्येनं पहाटे, गारव्यात, बँजोवाल्या भारतच्या सुराला आठही बटनं मिळवली. प्रत्येकापाशी पांढऱ्या रंगाची खूण केली. हुशार हाय हो, पण वरात निघायची होती भर दुपारी, अन् महिना मे! ते काही बाईच्या डोक्यात आलं न्हाई.

वरात शंभर पावलं गेली न्हाई तवर बँजो एकीकडं अन् पेटी दुसरीकडं.

"कावून रडतंय तुझं डबडं?" धर्मराज माइकातच खेकसला. वऱ्हाड फिदीफिदी हसलं. नवरदेवाचा मामा म्हणला, "ए बाई, उतर खाली. घरी भाकरी थाप."

शिवकन्येनं पहिलं बटन पिळलं, दुसरं पिळलं. आणखीच बेसूर! धर्मराज टेम्पोवरचा जनरेटर बंद कराय सरकला.

"एक फेरी थांबा, भावजी."

"अर्धी बी न्हाई."

तेवढ्यात तिचा हात आवाजाच्या पेटीला लागला अन् चटकाच बसला. हात्तिच्या! बटनं जागच्या जागीच होती. आवाजाची पेटी तापली होती, म्हणून आठही सूर एकदम वर चढले होते. तिनं पिळलेली दोन्ही बटनं खुणेवर परत आणली, तापल्या पेटीचं, सगळे सूर एकदम हलवणारं एकच मोठं बटन केसभर खाली घेतलं, वर पदराची सावली धरली. सूर मिळाला. भारतनं मान हलवली. अन् मगाचा तो मामाच सगळ्यांत आधी नाचाय लागला, मेला!

धर्मराजानं लगेच माइक उचलला. "बघा मंडळी, आपण बनवलेलं नवीन मशीन!"

शिवकन्येनं वायर उपटली. नवरदेवाचा पाय वरच्या वर राहिला.

"कुणी बनवलं, भावजी?"

"लाव ती वायर."

"कुणी?"

"वाजवा की राव!" वऱ्हाड ओरडलं.

"शिवकन्यानं," धर्मराज पुटपुटला.

"माइकात."

"शिवकन्यानं!" शिवी हासडावी तसा ओरडला. मग वायर लागली.

आता दर लग्नाला ती टेम्पोवर असती. धर्मराज तिच्याशी बोलत न्हाई. भारतकडं तोंड करून म्हणतो, "सांग तिला, सूर लाव म्हणावं. उशीर होतोय."

"भारतभाऊ, त्यांना सांगा, पेटी उन्हात तापल्याबिगर मी बटनाला हात लावणार न्हाई. बसा म्हणावं."

अन् बसतो की तो, टेम्पोच्या चाकापाशी, मिशी चावत.