दिवेवालीची दुरुस्ती

साकोलीत बसस्टँडसमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, आधारची प्रिंट, आणि पाटीवर मी हौसेनं रंगवून घेतलेली ओळ : 'सर्व प्रकारचे कॉम्प्युटर दुरुस्त होतील'. होतात का, हे विचारू नका. मला नीट चालणारी वस्तू बघवत नाही, एवढंच खरं. पंखा बरा फिरत असला की मला वाटतं, जरा आणखी जोरात फिरायला पाहिजे. आणि मग घरची मंडळी पुठ्ठ्यानं वारा घेत बसतात. बाबांनी त्यांचा रेडिओ माझ्यापासून लपवून ठेवलाय.

माझी मोठी बहीण तृप्तीताई पुण्याला एका दवाखान्यात नर्स आहे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, दंडारी म्हणजे नाचगाण्याची नाटकं होतात, सासरी गेलेल्या लेकी घरी येतात. आई गेल्यापासून ताई मात्र येत नव्हती. दरवर्षी ड्युटीचं कारण द्यायची. एकदा फोनवर खरं बोलून गेली, "विन्या, घरात पाय ठेवला का चुलीकडं नजर जाते. मंग मले राहवत नाही." यावर मी रेंज नाही असं सांगून फोन ठेवला. धीर देण्याच्या बाबतीतही मी असाच मेकॅनिक.

मग यंदा 'दिवेवाली' कॉम्प्युटरवर आली.

लहानपणी मामांनी नागपूरहून कुणाचा तरी वापरलेला, टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणला होता. त्यात हा एकच खेळ होता. एक मुलगी पेटता दिवा घेऊन डोंगरामागून डोंगर ओलांडते, पलीकडच्या किल्ल्यात तो पोचवायचा असतो. ताई आणि मी आळीपाळीनं खेळत शेवटच्या पुलापर्यंत पोचलो आणि त्याच दुपारी व्होल्टेज वाढून डबा जळाला. दिवा कोणासाठी होता, हे कधी कळलंच नाही. ताई म्हणायची आईसाठी, मी म्हणायचो राजासाठी, आणि त्यावरून आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटायचो.

मी ताईला फोन केला. "ताई, दिवेवाली आली. ये, शेवट पाहू."

तिनं विचारलं, "मंडई कधी हाय आपली?"

मला इतका आनंद झाला, की मी त्याच दिवशी गेम विकत घेतला आणि त्याच दिवशी दुरुस्तीला लागलो.

कारणं होती, नाही असं नाही. जुना खेळ कॉम्प्युटरवर आणणाऱ्यांनी काम उरकून टाकलं होतं. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे. पडद्यावर जुन्या डब्याच्या बटणांची सूचना यायची, 'चौकोन दाबा'. आता कीबोर्डवर चौकोन कुठून आणायचा? खेळातून बाहेर पडायचं बटणच नव्हतं. हालचाल जरा अडखळत व्हायची. आणि दरवेळी सुरुवातीला कंपनीच्या नावाची लांबलचक चित्रफीत, ती पुढे ढकलता येत नाही. माझ्यासारख्या माणसासाठी ही मेजवानीच. काळे पट्टे घालवायला चित्र ताणलं, तर दिवेवाली एकदम खात्यापित्या घरची दिसायला लागली. चित्रफितीचा कंटाळा आला, तर इंटरनेटवरून एक फाईल आणून ती बंद केली. अधूनमधून खेळत शेवटच्या पुलापर्यंत पोचलो आणि मग, हालचाल सुरळीत व्हावी म्हणून, चित्राचा वेग दुप्पट केला. खेळ तिथेच ठेवून मंडईची वाट पाहत बसलो.

ताई आली. घरात शिरली ती सरळ माझ्या खोलीत, स्वयंपाकघराकडे न बघता. मंडईच्या दुपारी बाबा दंडार बघायला गेले आणि आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. ताईनं दिवेवालीला पुलावर नेलं. अर्ध्यावर दिवा विझला. पुन्हा नेलं, पुन्हा विझला. फळ्या तर पाय ठेवण्याआधीच कोसळत होत्या.

"पहिले तं इतका कठीण नोहता," ताई म्हणाली. "आन् हे पोरगी काहून फुगली?"

मी कंपनीला मनसोक्त शिव्या दिल्या. देता देता माझ्या डोक्यात उजेड पडला. या खेळात दिव्याचं तेल आणि फळ्या दोन्ही चित्राच्या वेगावर चालत होती. मी वेग दुप्पट केला, तसं तेलही दुप्पट वेगानं जळत होतं. हळू आवाजात मी ताईला ते सांगितलं.

"तुले कोनं सांगतलं हात लावाले? होतं तसं कर."

केलं. काळे पट्टे आले, अडखळणं आलं, दिवेवाली रोड झाली. ताई पुढे सरकून बसली, लहानपणी बसायची तशीच, जीभ ओठाबाहेर काढून. पूल ओलांडला! मी ओरडलो, ताईनं माझी मान आवळली. किल्ल्याचं दार उघडायला लागलं, आत कोणीतरी उभं आहे असं वाटलं, आणि पडदा काळा झाला. मग समोर अक्षरं आली : 'नवा खेळ सुरू करा'.

चित्रफिती बंद करणारी ती फाईल मी काढलीच नव्हती, आणि खेळाचा शेवट ही चित्रफीतच होती. वर आणखी, खेळ संपला की मागचं सगळं पुसून टाकायची जुन्या डब्याची सवय या कॉम्प्युटरवाल्यांनी जशीच्या तशी ठेवलेली. आता पुन्हा पहिल्या डोंगरापासून.

"कोणीतरी इंटरनेटवर टाकला असंन शेवट," मी चाचरत म्हणालो. "दाखवू का?"

"दुसऱ्यानं खेळलेला मले नाही पाह्यचा," ताई म्हणाली आणि उठून गेली.

मी तिथेच बसून राहिलो. बहिणीला इतक्या वर्षांनी बोलावून मी तिला काळा पडदा दाखवला होता. थोड्या वेळानं आतून भांड्यांचा आवाज आला. ताई चहा करत होती. रडलेली दिसत होती, पण चहा तिनं आईसारखाच केला, भरपूर आलं घालून.

दुसऱ्या दिवशी तिला बसवर सोडायला गेलो. बस लागली, मी बॅग वर चढवली. ताई खिडकीतून माझ्याकडे रोखून बघत होती.

"विन्या, खरं सांग. मुद्दाम केलं नं तू? मी पुढच्या मंडईले यावं म्हनून?"

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या बिघाडाला कोणी हुशारी म्हणत होतं. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "हो."

"वाटलंच मले," ताई म्हणाली, आणि डोळे पुसून खिडकीतून माझ्या डोक्यात एक टपली मारली. "येईन. पन तवापर्यंत हात नोको लावू."