वीस मिनिटांनी बंद पडणारी गाडी

गाडी सुरू व्हायला कधीच त्रास देत नसे. वेलचेरीच्या घरून निघालो की पहिली वीसेक मिनिटं शहाण्यासारखी चालायची. मग ॲक्सिलरेटर दाबला तरी जोर येत नसे, दोन-तीन गचके बसत आणि इंजिन बंद. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही.

आईला रोज सकाळी आठला हॉस्पिटलात रेडिएशनचा शेक देत. आठ चुकले की त्या दिवसाचा शेक गेला, कारण मशीन एकच आणि बाहेर बाकांवर माणसं दाटीवाटीने बसलेली. रिक्षात तिला बसवत नव्हतं. मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी झाली तरच ती येऊ शकायची. म्हणून ती जुनी, दोन हात फिरून आलेली गाडी मी घेतली होती, आणि म्हणून ती चालायलाच हवी होती.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एका मेकॅनिकची पत्र्याची शेड होती. त्याने आधी प्लग बदलले. मग कार्बोरेटर उघडून धुतला. मग पेट्रोलचा फिल्टर. गाडी त्याच्या दारात तासभर उभी राहून निमूट गुरगुरायची.

"माझ्यासमोर ती रुसत नाही, मा," तो म्हणाला. "तुमच्याशीच काहीतरी भांडण आहे."

चौथ्या खेपेला त्याने सांगितलं की गरमीने इंजिनाशेजारच्या पंपात पेट्रोलची वाफ होते, बंद पडली की पंपावर ओलं फडकं ठेवा. मी आईच्या जुन्या साडीचा तुकडा डिकीत ठेवला. गिंडीच्या चौकात, हॉर्न वाजवणाऱ्या बसच्या पुढ्यात, बॉनेट उघडून मी पिण्याच्या बाटलीतलं पाणी त्या तुकड्यावर ओतायचे. पंधरा मिनिटांनी गाडी सुरू व्हायची. फडक्याचा गुण आला असं मी धरून चालले. फडकं नसतं तरी ती सुरू झालीच असती, हे डोक्यात आलं नाही. तसे तीन शेक चुकले.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. ज्या दिवशी वाटेत पेट्रोल भरायचे, त्या दिवशी गाडी पेट्रोल पंपापासून थेट हॉस्पिटलपर्यंत जायची. असं तीनदा झालं. ऑफिसच्या डायरीच्या शेवटच्या पानावर मी ते लिहून ठेवलं. मेकॅनिकला सांगितलं नाही. शाळेत उत्तराची पक्की खात्री असल्याशिवाय मी कधी हात वर केला नव्हता, आणि इथे तर माझं तमिळ मोडकं, त्याचं इंग्रजी मोडकं, शेडमध्ये चार पुरुष टायरवर बसलेले. आई मागून म्हणायची, "इंग्लिश मीडियमला घातलं ते काय अशी मुकी राहायला? विचार ना त्याला नीट." मी मान डोलवायचे.

आई तिच्या परीने काळजी घेत होती. खालच्या मजल्यावरच्या मामींनी तिला सांगितलं होतं की इथे शुक्रवारी गाडीलाही गंध-कुंकू लावतात. आयुधपूजेपासून, म्हणजे आपल्या खंडेनवमीपासून, तिने ते धरलं. दर शुक्रवारी वाटीत चंदन कालवून, भिंतीचा आधार घेत ती खाली यायची. बॉनेटला, स्टिअरिंगला, चारी चाकांना, आणि शेवटी पेट्रोलच्या झाकणावर चांगलं जाडसर बोट. "पोटाला जास्त," म्हणायची.

एका गुरुवारी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. ते इंग्रजीत बोलले, हळू आणि स्वच्छ. एकही शब्द अडला नाही. शेक आता पुढे द्यायचा नाही, त्याचा उपयोग होत नाहीये, घरी न्या, दुखणार नाही एवढं पाहू. बाहेर येऊन मी आईला सांगितलं, मशीन बिघडलंय, सोमवारपर्यंत बंद.

परतताना गाडी एकदा वाटेत आणि एकदा थेट शेडच्या दारात बंद पडली. आई मागे डोळे मिटून पडली होती. मी उतरले आणि मेकॅनिकला ते डायरीतलं सांगून टाकलं. आता चुकलं काय, बरोबर आलं काय, मला काहीच वाटत नव्हतं.

तो हसला नाही. त्याने झाकणाला चावी लावून ते फिरवलं. आत हवा शिरल्याचा सूं असा लांब आवाज झाला.

"टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला लागते, मा. नाही आली तर टाकी पेट्रोल धरून ठेवते." झाकणावर चावीच्या भोकाशेजारी टाचणीएवढं छिद्र होतं. त्याने तारेने ते कोरलं. पिवळा, वाळलेला भुगा त्याच्या तळहातावर पडला. त्याने तो नाकाजवळ नेला, मग मागच्या सीटकडे पाहिलं.

"पेट्रोल भरल्यावर चालते, हे कधीपासून माहीत होतं?"

"तीन आठवडे."

"मग सांगायचं. मी काय मारणार होतो?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांना सांगू नका."

घराजवळ आल्यावर आईने विचारलं, "काय निघालं?"

"कचरा होता."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ती वाटी घेऊन खाली आली. जिना उतरायला तिला बराच वेळ लागला. बॉनेट, स्टिअरिंग, चाकं, मग झाकण. तिचं बोट त्या छिद्रावरून फिरलं आणि ते पुन्हा बुजलं. मी बाजूला उभी होते. पर्समध्ये मेकॅनिकने दिलेली तार होती.

"सोमवारी वेळेवर पोचू ना गं आता?" तिने विचारलं.

"पोचू," मी म्हणाले, आणि तिच्या हातातली वाटी घेतली. तार मी काढली नाही.