शिवलेले कृपाण

आमच्या समोरच्या दारात राहणारे सरदारजी शाळेची बस चालवतात. इमारतीतली मुले त्यांना बसकाका म्हणतात, मोठी माणसे सरदारजी म्हणतात, आणि त्यांची बायको काहीच म्हणत नाही, नुसते "ऐका" म्हणते. त्या एका शब्दाचे तिच्याजवळ इतके प्रकार आहेत की भिंतीपलीकडून आम्हाला घरातले हवामान कळते.

आयुष्याची सुरुवात त्यांनी मालट्रक धुण्यापासून केली. मग ट्रकवर बसले, रात्र रात्र गाडी चालवली. मुलगी झाली आणि ती बापाला पाहून रडू लागली, तेव्हा बायकोने "ऐका" म्हटले आणि ते शाळेच्या बसवर आले. मुलगी आता सासरी आहे. स्वतःचे वडील वारल्यावर त्यांनी अमृत घेतले, म्हणजे त्यांच्या धर्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून केस, कंगवा, कडे, कच्छा आणि कृपाण ही पाच चिन्हे त्यांच्या अंगावरून उतरलेली नाहीत. कृपाण वीतभरसुद्धा नाही. शर्टाच्या आत, खांद्यावरून आलेल्या पट्ट्याला अडकवलेले असते. अंघोळीच्या वेळीही ते अंगापासून दूर होत नाही.

माणूस हसरा. सरदारांवरचे विनोद ते स्वतःच सांगत. एकदा मी म्हटले, "तुम्हीच कशाला सांगता?"

"ताई, दुसऱ्यानं सांगितला की मला हसावं लागतं. मी सांगितला की त्याला हसावं लागतं. मेहनत वाचते."

मेहनत बरीच होती. जगात कुठे काही भयंकर घडले आणि एखाद्या दाढीवाल्याचा फोटो वर्तमानपत्रात आला, की आठवडाभर दुकानदार सुटे पैसे हातात न देता गल्ल्यावर ठेवत. मग सरदारजी समजावून सांगत. आम्ही ते नव्हे, आमचा धर्म हा, पगडी अशी, केस का कापत नाही ते असे. आवाज न चढवता, दरवेळी पहिल्यांदा सांगावे तसे.

या वर्षी बसमध्ये एक नवी मुलगी आली. तिची पाण्याची बाटली पायरीवरून घरंगळली. सरदारजी ती उचलायला वाकले, शर्ट वर सरकला आणि मुलीच्या आईला कृपाणाची मूठ दिसली. ती मुलीला बसमध्ये बसवून निघून गेली. शाळा सुटेपर्यंत मात्र पालकांच्या फोनवर "ड्रायव्हरकडे सुरी आहे" हे सगळीकडे पोहोचले होते. मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून घेतले आणि निर्णय होईपर्यंत घरी बसायला सांगितले.

त्या दिवशी ते जिन्यात भेटले, हातात बसमधली त्यांची उशी. पाठीला लावायची.

"बाईंनी विचारलं, हे कशासाठी वापरता? म्हटलं, कशासाठीच नाही. त्या म्हणाल्या, मग घरी ठेवलं तर काय बिघडलं?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काही नाही. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तोंड उघडलं, आणि एकदम कंटाळा आला, ताई. म्हटलं, पुन्हा अमृतापासून सुरुवात करायची?"

त्यांच्या मार्गावर दुसरा चालक दिला गेला. सरदारजी सकाळी नेहमीसारखे उठत, पगडी बांधत आणि तयार होऊन खुर्चीवर बसून राहत. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी त्यांना भर जिन्यात सल्ला दिला, "अहो, दाढी जरा बारीक करा, पगडीच्या जागी टोपी घाला, कोण विचारतंय मग?" सरदारजी म्हणाले, "बरोबर आहे, मास्तर. मग मीसुद्धा मला विचारणार नाही." मास्तर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

शेवटी शाळेचा निरोप आला. दोन मार्ग होते. एक तर कृपाण घरी ठेवून यायचे. नाहीतर ते म्यानासकट जाड कापडाच्या खोळीत घालून, ओढले तरी निघणार नाही असे शिवून टाकायचे आणि कार्यालयात येऊन दाखवायचे. हा दुसरा मार्ग शाळेला कुठल्यातरी वकिलाने सुचवला होता. सरदारजी गुरुद्वाऱ्यात जाऊन ग्रंथींना, म्हणजे तिथे ग्रंथ वाचणाऱ्या पुजाऱ्यांना, विचारून आले. ग्रंथी म्हणाले, अंगावर राहणार असेल तर शीव, इतरांनीही शिवलंय.

बायकोने मात्र साफ नकार दिला. भिंतीपलीकडून सगळे ऐकू आले.

"मी नाही शिवणार. आज सुईदोरा, उद्या वस्तरा आणायला सांगतील."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. माझ्या हातानं बांधून ठेवणार नाही म्हणजे नाही!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात उभे. खांद्यावरून खोळीचे कापड लोंबत होते. "ताई, तुमची शिवण चांगली आहे. एवढं करून द्याल?"

लहानपणी कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी आम्हाला शिवण घोटून घोटून शिकवली होती, पण ती रुमालांची आणि उशांच्या अभ्र्यांची. तरी मी हो म्हटले. हात धुऊन, पदर डोक्यावरून घेऊन बसले. ते म्हणाले, "एवढं कशाला?" पण त्यांना बरे वाटले असावे, कारण त्यांनी पाय जवळ घेतले आणि ताठ बसले. अडचण एकच होती. कृपाण अंगावरून काढायचे नव्हते. त्यामुळे ते स्टुलावर शर्टाची बटणे सोडून बसले, मी खालच्या पाटावर, आणि त्यांच्या बरगडीजवळ माझी सुई. मी सारखी म्हणत होते, "हलू नका," आणि ते म्हणत होते, "श्वास घेऊ का?"

बारीक टाके घालत मी खोळीचे तोंड मुठीभोवती बंद केले. गाठ मारली, दोरा दाताने तोडला.

"झालं. उठा."

ते उठले आणि जागच्या जागी वाकडे झाले. पुन्हा ताठ व्हायला गेले, पुन्हा वाकडे. मी चष्मा नीट करून पाहिले. खोळ, पट्टा आणि त्यांचा बनियन मी एकत्र शिवून टाकला होता.

माझे दार उघडेच होते. समोरच्या दारात त्यांची बायको कधीची उभी होती कोण जाणे. "ऐका," ती म्हणाली, आणि हा प्रकार मी आधी ऐकलेला नव्हता. "आता जन्मभर एकाच बनियनमध्ये राहणार का?"

सरदारजी वाकडेच उभे राहून हसायला लागले. मग ती हसली, मग मी. बऱ्याच दिवसांनी त्या जिन्यात कुणी हसत होते. हसता हसता तिने डोळे पुसले, आत आली, माझ्या डब्यातली कात्री घेतली आणि माझे टाके एकेक करून उसवले.

"वहिनी, मी करते पुन्हा," मी म्हटले.

"तुमचे टाके छान आहेत, ताई. पण बारीक दोरा आहे. ते लोक ओढून बघणार. पहिल्या झटक्यात निघालं तर ह्यांना परत बोलावतील, परत उभं करतील." तिने घरून गादीचा जाड दोरा आणला, मेणावरून ओढला, दुहेरी घेतला. "शिवायचंच आहे तर असं शिवू की कुणाच्या बापाला उसवणार नाही."

तिने खोळ त्यांच्या छातीवरच धरली, डावा हात आत घालून बनियन बाजूला ठेवला आणि शिवली. ते वर छताकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले आणि जेवणाच्या वेळेला परत आले. मी त्यांच्याकडेच बसले होते, कारण वहिनींना एकटीने वाट पाहवत नव्हती.

"मग? कामावर घेतलं ना?" तिने दारातच विचारले.

"घेतलं. उद्यापासून."

"मग तोंड असं का?"

ते खुर्चीत बसले. कार्यालयात मुख्याध्यापिका होत्या, पालकांपैकी तिघे होते, त्या नव्या मुलीची आईही होती. बाईंना स्वतः हात लावायचा नव्हता, म्हणून त्यांनी गेटवरच्या वॉचमनला आत बोलावले. हा वॉचमन आणि सरदारजी रोज एका थर्मासमधला चहा पितात. तो "माफ करा हं, काका" म्हणाला आणि त्याने दोन बोटांनी मूठ धरून ओढल्यासारखे केले. बाई म्हणाल्या, नीट ओढा. मग त्याने नीट ओढली. सरदारजी झोक जाऊन टेबलावर आले. टाका हललासुद्धा नाही.

"बाई म्हणाल्या, आम्हाला तुमच्या धर्माबद्दल आदरच आहे. दर सहामाहीला फक्त दाखवून जा. मी म्हटलं, दाखवतो, पण दार बंद करून दाखवीन, बाहेर मुलं असतात. तर हो म्हणाल्या. आणि त्या मुलीची आई जाताना म्हणाली, राग मानू नका, मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, कसं माहीत असणार, ताई."

"बरं झालं की मग," मी म्हटले.

त्यांनी शर्टावरूनच खोळ चाचपली. मग बायकोकडे पाहून म्हणाले, "तो ओढत होता ना, तेव्हा मला वाटत होतं, निघू दे. एकदाचं निघू दे. म्हणजे घरी बसेन. कुणाला काही सांगायला नको."

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या, ताट वाढून घेऊन आल्या. तोवर सरदारजी खुर्चीतच, पगडीसकट, मान एका बाजूला टाकून झोपले होते. शर्टाच्या आतून खोळीचा फुगवटा श्वासाबरोबर वरखाली होत होता.

मी उठवायला हात पुढे केला, तशी वहिनींनी मला थांबवले. ताट झाकून बाजूला ठेवले.

"झोपू दे," त्या हळूच म्हणाल्या. "उद्या बस आहे."